साबणाच्या डबीतला ठिपक्या

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, ही तर एक जुनी साबणाची डबी. म्हणा बापडे. डबी जुनी आहे हे खरं, पण ती माझं घर आहे, मी नव्हे. मी एक जुना माग काढणारा आहे. आपली गाडी कुठे आहे ते आभाळातल्या उपग्रहांना विचारायचं आणि घरी कळवायचं, हे माझं काम होतं. माझं नाव ठिपक्या. हल्ली माझ्या झाकणावर टाचण्या ठेवतात. असो. त्यावर मी नंतर येणारच आहे, कारण ते मला अजून सहन झालेलं नाही.

माझा जन्म एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर झाला. लाँड्री थोरलीची होती. थोरली म्हणजे दोघी बहिणींतली मोठी. तिचा नवरा लाँड्रीची गाडी चालवायचा. हॉटेलांच्या नि हॉस्पिटलच्या मळक्या चादरी आणायच्या आणि धुतलेल्या पोचवायच्या, हा त्याचा रोजचा फेरा. धाकटी बहीण लिफ्ट दुरुस्त करायची नोकरी करत होती. ती थोरलीच्या नवऱ्याला भावोजी म्हणायची, म्हणून मीही भावोजीच म्हणतो.

लाँड्रीत दिवसभर फोन वाजायचे. आमच्या चादरी कुठे आहेत, गाडी कुठवर आली, खोल्या अडल्यात. भावोजी गाडी चालवताना फोन उचलत नसत, आणि ते बरोबरच होतं. मग थोरली बिचारी "पोचतेच आहे हो" असं ठोकून द्यायची. एकदा गाडी लाँड्रीच्या दारात उभी असतानाही तिने तसंच ठोकून दिलं. ते ऐकून धाकटी हसली आणि म्हणाली, ताई, तुझं खोटं बोलणं मी बंद करते.

तिने हौशी लोक खेळायला घेतात तसला एक निळा बोर्ड आणला. काड्यापेटीहून थोडा मोठा. तो माझा मेंदू. उपग्रहांचं ऐकायला चौकोनी बिस्किटाएवढा अँटेना, तो माझा कान. आणि सिमकार्ड घालायचा एक भाग, ते माझं तोंड. मग कथलाचे डाग देत तिने मला जोडायला घेतलं, आणि थोरली सारखी ओरडत होती की माझ्या पांढऱ्या चादरींवर कथील सांडू नकोस. पहिले दोन दिवस मला काहीच ऐकू आलं नाही. त्या खोलीवर पत्रा होता ना! पत्र्याखाली उपग्रह कसे ऐकू येणार? धाकटीने मला गच्चीवर नेलं, वाळत घातलेल्या चादरींमध्ये ठेवलं, आणि थोड्या वेळाने माझा लाल दिवा लुकलुकला. मी जगात कुठे आहे हे मला पहिल्यांदा कळलं तो क्षण मी विसरणार नाही.

तरी एक दुखणं होतंच. बोलायला तोंड उघडलं की मला भोवळ यायची. तोंडच सगळी वीज खाऊन टाकायचं आणि मेंदू बंद पडायचा. धाकटीने वीज साठवून ठेवणारा एक गलेलठ्ठ कपॅसिटर जोडला, तेव्हा कुठे माझं वाक्य पुरं झालं. शेवटी लाँड्रीतली एक रिकामी साबणाची डबी धुऊन तिने मला त्यात बसवलं आणि भावोजींच्या गाडीत काचेखाली चिकटवलं. नकाशावर माझा लाल ठिपका सरकताना पाहून भावोजी म्हणाले, "अरे, हा तर ठिपक्या." तेच माझं बारसं.

काम सुरू झालं आणि तिथेच माझ्या पोटात दुखायला लागलं. कारण सांगतो. ठिपका दिसायचा कुठे? थोरलीच्या फोनवर. ऊन माझ्या डोक्यावर, खड्डे माझ्या हाडांत, उपग्रहांशी घासाघीस माझी, आणि कौतुक त्या फोनचं! थोरली शेजारणीला सांगायची, "आमच्या फोनवर सगळं कळतं हो." फोनवर! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. त्याला मऊ कव्हर, त्याला रोज पुसायचं, उशाशी घेऊन झोपायचं. आणि मला? चिकटपट्टी. एकदा भावोजींनी माझ्यावर ओला रुमाल वाळत घातला होता. मी मूग गिळून बसलो, कारण मला एकच गोष्ट बोलता येते, आणि ती म्हणजे मी कुठे आहे.

आता मत्सराचं निघालंच आहे, तर घरात जळणारा मी एकटा नव्हतो. भावोजींना एक मोठी बहीण होती. थोरली तिला वन्सं म्हणायची, म्हणजे पूर्वी म्हणायची. मी जन्मण्याच्या खूप आधी त्यांचं फाटलं होतं. भावोजींची आई गेली, शेवटच्या वर्षांत तिचं सगळं थोरलीने केलं, आणि आईचं शिवणयंत्र मात्र गेलं वन्संकडे. म्हातारीच तसं सांगून गेली होती. थोरलीला शिवता येत नव्हतं, तरी ते तिच्या मनाला लागलं ते लागलंच. करायचं मी आणि मिळायचं तिला, असं ती म्हणायची. मित्रांनो, हे दुःख माझ्याइतकं कुणाला कळणार? त्यानंतर तिने भावोजींना बजावलं होतं की त्या दारात पाय ठेवायचा नाही. भावोजींनी मान डोलावली. एवढ्यावर घर शांत होतं.

आणि एके दिवशी फोनवर माझा ठिपका वन्संच्या दारात उभा राहिला.

दुसऱ्या दिवशीही उभा राहिला. तिसऱ्याही. रोज दुपारी तिथेच, बराच वेळ. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती बोलली नाही. भावोजींना जेवताना आणखी एक पोळी वाढायचं तिने बंद केलं आणि ते पानावर थांबले तर म्हणायची, "झालं असेल ना पोट भरून." त्यांना काही कळेना. मग एका संध्याकाळी इस्त्रीच्या टेबलापाशी तिने फोन त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं की हे काय आहे.

भावोजींचा चेहरा पडला. ते म्हणाले की हॉस्पिटलने माल घ्यायचं दार बदललंय. पूर्वी हमरस्त्यावरून आत जायचो, आता मागच्या गल्लीतून जातो. तळघरात चादरी मोजून घेतात, त्याला वेळ लागतो. ती गल्ली माझ्या ताईच्या घरावरून जाते, पण मी थांबत नाही.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

झालं. असल्या उत्तराने कुणाची आग विझली आहे? थोरली म्हणाली, "तुम्ही खोटं बोलाल, फोन नाही बोलत." आणि तिने सांगून टाकलं की रोज बहिणीकडेच जेवायचं असेल तर राहायलाही तिकडेच जा.

पाहिलंत? इथेसुद्धा फोन! माझ्या शब्दावर माणसाची अब्रू चालली होती आणि नाव फोनचं. पण खरं सांगू, त्या रात्री मला प्रथमच फोनचा हेवा वाटला नाही. भावोजी गाडीत येऊन बसले. चावी लावली नाही. नुसते माझ्याकडे बघत बसले. ते खरं बोलत होते हे मला माहीत होतं, आणि मी रोज दर मिनिटाला नेमकं उलट सांगत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी!

हे असं का झालं, ते ऐका. धाकटी लिफ्टवाली. लिफ्टच्या कामात त्यांना एक शिकवण असते की दाराजवळचा मजल्याचा आकडा कधी कोरा ठेवायचा नाही. काही बिघडलं तरी शेवटचा आकडा दिसत राहू दे, कारण कोरी पाटी पाहिली की आत अडकलेली माणसं घाबरतात. हीच सवय तिने मला लावली होती. आभाळ दिसेनासं झालं तर गप्प बसू नकोस, शेवटची जागा सांगत राहा. हॉस्पिटलच्या तळघरात फोनचं नेटवर्क यायचं, आभाळ मात्र नाही. तळघराचा उतार सुरू व्हायचा वन्संच्या दारासमोर. मी आत जाताना शेवटचं ऐकायचो ते तिथे, आणि मग चादरी मोजून होईपर्यंत तेच घोकत बसायचो.

दुसऱ्या दिवशी थोरलीने धाकटीला कामावरून बोलावून घेतलं आणि तिच्या स्कूटरवर मागे बसून ती थेट वन्संच्या गल्लीत गेली. आज रंगेहाथ धरायचं, असं ठरवूनच. पुढचं मी पाहिलं नाही. मी तळघरात होतो. फोनने मात्र सगळं पाहिलं, तो तिच्या हातात होता ना! पण धाकटीने ते इतक्यांदा सांगितलं आहे की मला पाठ आहे.

ठिपका दारात होता आणि दारात गाडी नव्हती. थोरली फोनकडे बघे, दाराकडे बघे, पुन्हा फोनकडे बघे. धाकटीने समोरचा उतार पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात दार उघडून वन्सं बाहेर आल्या. केस पांढरे झालेले, दुखऱ्या गुडघ्यामुळे हातात काठी. थोरलीने इतक्या वर्षांत त्यांना पाहिलं नव्हतं. तिच्या डोक्यात त्या अजून शिवणयंत्र उचलून नेणाऱ्या धडधाकट बाईच होत्या.

थोरली फाटकापाशी गेली. तिने विचारलं, "वन्सं, हे इथे येत नाहीत?"

"रोज येतो," वन्सं म्हणाल्या. "मी खिडकीत बसते. माझ्या दारापाशी गाडी हळू करतो. थांबत नाही. तुला दिलेला शब्द पाळतो गं तो."

आता मात्र माझी पाळी. यापुढचं मी स्वतः पाहिलं. चादरी मोजून झाल्या, गाडी उतार चढून वर आली आणि मला आभाळ मिळालं. भावोजींनी सवयीने गाडी हळू केली. आणि समोर, फाटकापाशी, त्यांची बायको आणि त्यांची बहीण शेजारी शेजारी उभ्या. त्यांचा पाय ब्रेकवर गेला, पण पुरता दाबला नाही. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. त्यांनी काच खाली केली, आणि बहिणीकडे नाही, बायकोकडे बघून विचारलं, "थांबू?"

थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ती म्हणाली, "चावी काढा."

ती सगळी दुपार गाडी तिथेच होती. हॉटेलवाले फोन करत राहिले, आणि तो दिमाखदार फोन पर्समध्ये एकटा वाजत राहिला. कुणी उचलला नाही. मी मात्र दर मिनिटाला सांगत होतो, वन्संच्या दारात आहे, वन्संच्या दारात आहे. त्या दिवशी ते खरं होतं.

धाकटीने मग माझी सवय बदलली. आभाळ दिसत नसेल तर मी "माहीत नाही" असं कळवू लागलो. आधी मला त्याची लाज वाटायची. पुढे वाटेनाशी झाली.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं काम केलं. मग लाँड्रीला मोठी गाडी आली, आणि तिच्या पोटात कारखान्यातच बसवलेला एक माग काढणारा होता. त्याला डाग नाहीत, डबी नाही, भोवळ माहीत नाही. श्रीमंताघरचं पोर. मला सोडवून आणलं आणि मागच्या खोलीतल्या खिडकीत ठेवलं. शेजारी कोण, तर ते शिवणयंत्र! वन्सं ते घेऊन इथे येतात आणि फाटक्या चादरी शिवतात. थोरली त्यांना चहा देते, आणि चादर सरळ कापली नाही म्हणून बोलणीही खाते. त्या यंत्राला दर आठवड्याला तेल मिळतं. त्याच्यासाठी माणसं भांडली. माझ्यामुळे भांडली, पण माझ्यासाठी कधी नाही. आणि त्याच्या टाचण्या माझ्या झाकणावर! सांगा, जळू नको तर काय करू?

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी हाताने केलेलं एखादं यंत्र अडगळीत पडलं असेल. त्याची धूळ झटका. तार सुटली असेल तर एक डाग द्या. त्याच्यावर टाचण्या ठेवू नका. आणि एक दुसरं मागणं आहे. एखादं माणूस तुमच्या मनात फार दिवस एकाच जागी उभं असेल, जिथे शेवटचं दिसलं तिथेच, तर मनातल्या त्या चित्रावर विश्वास ठेवू नका. मीही तसंच सांगत होतो. उठा आणि त्या माणसाच्या दारात जाऊन बघा.

काल वन्संचा गुडघा दुखत होता, म्हणून त्या आल्या नाहीत. हॉटेलवाल्याने विचारलं, गाडी कुठे आहे. थोरलीने फोन पाहिला, तो उपडा ठेवला आणि म्हणाली, "आमच्या वन्संकडे थांबली आहे. येईल."