केवळाबाईचं ताट

परातीतल्या कणकेत केवळाबाईनं बोटं रुतवली आणि तिच्या तोंडून ‘आई गं’ निघालं. बोटं वळतच नव्हती. पेरांपाशी सुजून ती पोसलेल्या भुईमुगाच्या शेंगांसारखी झाली होती.

"मनिषा, तू मळ बाई आज. माझे हात अजून उठलेच न्हाईत."

"काकू, आज-आज करून चार महिने झाले," मदतीला येणारी मनिषा परात ओढून घेत म्हणाली. "आता दवाखान्यात जायाचं. मी बघते इथलं."

लातुरात क्लासला येणाऱ्या पोरांची मेस चालवायचं केवळाबाईनं ठरवलं नव्हतं. बालाजीच्या अकरावी-बारावीपुरती खोली करून ती नायगावकडच्या गावातून आली होती. बालाजी पुढं पुण्याला गेला, इंजिनिअरिंगला. त्याच्या मित्रांचे डबे मात्र थांबले नाहीत, वाढतच गेले. नवरा शेषेराव गावी, शेतापाशी. पोळा, दिवाळी आणि एखादं लग्न, दोघांच्या वाट्याला एवढंच एकत्र राहणं उरलं होतं.

रक्त तपासून डॉक्टरीणबाईंनी आमवात असल्याचं सांगितलं. गोळ्या लिहिता लिहिता विचारलं, "मावशी, काल दिवसभरात काय काय खाल्लं?"

केवळाबाई घडाघडा सांगू लागली. सकाळी पोहे. दुपारी वांग्याची भाजी, वरण-भात, भजी. संध्याकाळी शेवभाजी, चपात्या.

"हे सगळं तुम्ही खाल्लं?"

"न्हाई म्याडम, पोरांनी."

"आणि तुम्ही?"

तिला आठवायला वेळ लागला. चहा-टोस्ट. परत चहा-टोस्ट. दुपारी भज्यांचा उरलेला चुरा. सगळी पोरं जेवून गेल्यावर कढईतच चपाती बुडवून चार घास, ओट्याला टेकून.

"खाण्यानं हा आजार जात नसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी सोडायची नाही, तपासणीला यायचं. पण साखर, तळण, बेकरीचं, रोज हेच पोटात गेलं तर सूज उतरायला जड जातं. गावाकडं काय खायचात?"

"भाकर. करडीची भाजी. जवसाची चटनी. तुरीच्या वरनात अंबाडी..."

बोलता बोलता ती थांबली. शेताच्या धुऱ्यावरच्या कडुलिंबाखाली एकच फडकं पसरलेलं, आणि शेषेराव आपल्यातली अर्धी भाकर तिच्याकडं सरकवतोय, असं काहीतरी डोळ्यांपुढं आलं होतं.

"मग तेच खा की."

"एकटीपुरती कोन थापतं, म्याडम?"

मनिषानं परस्पर फोन केला असावा. रविवारी, मेसला सुट्टी असताना, शेषेराव दारात उभा. खांद्याच्या पिशवीत करडीची कोवळी पानं, जवस आणि ज्वारीचं पीठ.

"पीठ शेजारच्या अण्णारावाकडचं हाय," तो म्हणाला.

"आन् आपली ज्वारी?"

"तू इकडं आल्यापासून पेरलीच न्हाई. भावजय चपात्या करती. तिला कसं म्हनू, मला येगळी भाकर टाक?"

केवळाबाईनं परात काढली. तो चुलत्याच्या लग्नात आचाऱ्याच्या हाताखाली राहिला होता तेवढाच त्याचा स्वयंपाक. तरी बाह्या सारून परातीपुढं बसला.

"पानी लई झालं. आन् गरम घ्या, गार न्हाई."

"तू गप बस गं खुर्चीवर."

पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच फाटली. दुसरी एका अंगानं जाड, दुसऱ्या अंगानं करपलेली. तीच त्यानं भाजी-चटणीसह ताटात घालून तिच्या पुढ्यात ठेवली. वाढलेलं ताट आपल्यापुढं येऊन किती वर्षं झाली, ते केवळाबाईला सांगता आलं नसतं. तिनं घास मोडला. सुजल्या बोटांना भाकरी मोडणंही जड जात होतं.

"मीठ हाय का बराबर?"

"हाय. तुमी बी बसा."

दोघं जेवली. हात धुऊन आल्यावर ती म्हणाली, "गावाकडं येऊ का परत? मेस मनिषाला देते."

तो फक्त ‘ये’ म्हणेल, असं तिला वाटलं होतं. शेषेरावानं ताटातली उरलेली चटणी बोटानं गोळा केली.

"बालाजीची फी अजून दीड साल भरायची हाय," तो म्हणाला. मग उठता उठता, "तवर गोळ्या घेत ऱ्हा."

हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. पाचच्या गाडीनं तो गेला.

गोळ्यांनी महिन्या-दोन महिन्यांत सूज थोडी उतरली. भाकरी थापणं तिला जमलं नाही; मनिषा जाताना तिच्यापुरत्या दोन टाकून जाई. एका संध्याकाळी पोरं जेवून गेल्यावर केवळाबाईनं ताट वाढून घेतलं, खुर्चीत बसली आणि फोन लावला.

"जेवलात का?"

"न्हाई. भावजयीनं ताट पाठवलंय आत्ताच. तू?"

"बसलेय बगा जेवायला."

"मंग मीबी बसतो." थोडा वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. "तिकडनं आल्यावर खालच्या पट्टीत ज्वारी टाकली. गुडघ्याला लागाय लागली."

"कुनासाठी?"

पलीकडं बुक्कीनं कांदा फोडल्याचा आवाज आला. तिनं फोन ताटाशेजारी ठेवला, चालूच, आणि पहिला घास घेतला.