थांबणारा गेम

बस गा इथं. नंदनवन वस्तीतल्या कामिनीची गोष्ट सांगतो तुले, जीव मुठीत धरून आयकशीन.

कामिनीचा बाप रुपराव बुटीबोरीच्या कपडा मिलमंधी होता. जेवणाच्या सुट्टीत हपिसातल्या कम्प्यूटरवर किल्ल्याचा गेम खेळे. दिवाळी झाली आन त्याले लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं बंद. डॉक्टर म्हणे, "डोकं चालू ठेवा, नाहीतं आहे तेही जाईन." पण थो भिताडाकडं तोंड करून पडून राहे.

कामिनीले गेम आठवला. मावसभाऊ अंकितनं त्याच गेमचा नवा अवतार घरच्या कम्प्यूटरवर टाकून देल्ला. काय थे रंग, काय थो धूर! रुपरावचा डावा हात माउसवर पोचेपर्यंत दुश्मननं किल्ला जाळला. पुन्हा मांडला, पुन्हा जाळला. रुपरावनं माउस फेकून मारला.

"काहून छळून राहिली वं त्याईले?" माय वच्छला खेकसली.

तवा कामिनीच्या ध्यानात आलं. जुना गेम थांबे. तुमची चाल झाल्याबिगर दुश्मन पाऊल टाकत नव्हता. या नव्यात कोणाले दम नाही.

आता जुना शोधा! दुकानवाले हासले. शेवटी बापासंगं मिलमंधी असलेला आनंदराव खापा गावाले सापडला. त्याच्या पेटीत त्या गेमची सीडी निघाली, पण चीर गेलेली.

"लावून पाह्य पोरी," आनंदराव म्हणे, "एखादखेप फिरली तं फिरली."

अंकितनं जुना कम्प्यूटर जोडला. सीडी आत गेली आन गिरणीवानी घरघरली. पडद्यावर किल्ला आला. दरवाज्यासमोर दुश्मनचे हत्ती. रुपराव नुसता पाहून राहिला, हात मांडीवर. सीडी कराकरा वाजे.

"दाबू का मी बटन?" अंकित कुजबुजला.

"हात तोडीन तुहा," कामिनी म्हणे. "हत्ती थांबले ना? मंग तू बी थांब."

किती वेळ गेला कोण जाणे. मंग डावा हात उठून माउसवर गेला. रुपरावनं दरवाज्यावरचं सारं सैन्य काढलं अन् बाजूच्या बुरुजांवर नेलं. दरवाजा मोकळा!

"गेलं वं डोकं त्याईचं," वच्छलानं पदर तोंडाले लावला.

हत्ती बिनधास्त आत घुसले. आन दोन्ही बुरुजांवरून असे बाण सुटले का एक हत्ती वापस गेला नाही!

अंकित ओरडणार, तेवढ्यात आत कडाक वाजलं. पडदा काळा. सीडीचे तुकडे झाले होते.

आता थो पुन्हा भिताडाकडं वळते, कामिनीले वाटलं. रुपरावनं टेबलावर डावा हात आपटला. तोंड वाकडं झालं, लाळ गळली.

"ला... लाव."

दिवाळीपासूनचा पहिला शब्द.

तवापासून थो काळ्या पडद्यासमोर बसून हाये, भिताडाकडं पाठ करून. म्हणून म्हणतो गा, तुह्या घरी, सोयऱ्याधायऱ्याच्या पेटीत अशी जुनी सीडी असन तं पाह्य. नसन तं पोट्ट्यायले विचार, नव्यातला एखादा गेम माणसासाठी थांबते का? थांबत असन तं आत्ताच नाव सांग.