दुपट्टा बांधण्याच्या आठ पद्धती

ते पत्रक मी लिहायलाच नको होते. हे मला तेव्हाही वाटले होते. पण मला प्रत्येकच गोष्टीत असे वाटते, त्यामुळे या वाटण्याकडे मी लक्ष दिले नाही.

१९७३ सालच्या चैत्रात आमच्या विणकर संस्थेने गांधीबागेच्या बाजारात हातमागाच्या कापडाचे प्रदर्शन लावले. ‘आमच्या’ म्हणतो खरा, पण मी कधी मागावर बसलो नाही. वडिलांच्या पश्चात माग थोरल्या भावाकडे, नत्थूजीकडे गेला आणि मी एका वाचनालयात पुस्तके देण्याघेण्याच्या टेबलामागे पस्तीस वर्षे काढून निवृत्त झालो. नत्थूजी फक्त दुपट्टे विणायचा, पुरुष खांद्यावर किंवा डोक्याला घेतात ते. त्याचा माग कमी पन्ह्याचा, साडी त्यावर निघत नाही, आणि सदुसष्टाव्या वर्षी तो नवा माग कुठून बसवणार? गोदामात त्याचे दुपट्टे साचत चालले होते. संस्थेचे सचिव देवाजी यांनी सरळ सांगून टाकले होते की प्रदर्शनात दुपट्टा खपला नाही, तर ज्येष्ठापासून संस्थेकडून मिळणारे दुपट्ट्याचे सूत बंद.

“शहरातल्या पोरायले दुपट्टा बांधताच येत नाही,” देवाजी म्हणाले. “कसा बांधायचा ते लिहून छापा. मधुसूदनराव, तुम्ही एवढे वाचलेले. तुम्हीच लिहा.”

मी नाही म्हणायला हवे होते. पण भावासाठी माझ्या हातून आजवर काहीच झाले नव्हते. माझ्या शिक्षणाची वर्षे तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून धोटा मारत होता. मी हो म्हटले.

दुसऱ्या दिवशी नत्थूजी ओसरीवर उभा राहून एकेक पद्धत बांधून दाखवू लागला. मी त्याच्यासमोर सतरंजीवर वही घेऊन बसलो. उन्हात कान झाकून बांधायचा तो. एसटीत धुळीसाठी नाकावरून घ्यायचा तो. थंडीत छातीवर फुली मारून मागे गाठ द्यायची तो. शेतात कमरेला आवळायचा तो. ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ. लग्नातला फेटा. नुसता खांद्यावर टाकलेला. आणि शेवटी मानाचा, म्हणजे व्याह्यांना आहेर करताना अंगाभोवती घालतात तो.

“हळू कर ना गा दादा, लिहून राहिलो मी.”

“लिहाले काय लागते त्याच्यात? बांधाले दोन पळं लागत नाही, अन् तू पानभर लिहून राहिला.”

रात्री मी मजकूर पाच वेळा लिहिला. ‘पदर’ म्हणावे की ‘टोक’, यावर तासभर घालवला. मुद्रिते चारदा तपासली. एक काना चुकला होता, तो छापखान्यात स्वतः जाऊन नीट करून घेतला. पाचशे प्रती आल्या, तेव्हा मनातल्या मनात मी खूश होतो.

प्रदर्शनाच्या पाचव्या दिवशी नरखेड तालुक्यातले चंपतराव नावाचे संत्रा-बागाईतदार आले. मुलीचे लग्न वैशाखात होते. बरोबर त्यांची आई रुखमाबाई होती. व्याह्यांकडच्या पुरुषांना देण्यासाठी त्यांनी पन्नासेक दुपट्टे बाजूला काढायला लावले. चार दिवसांत मिळून आमचे अकरा गेले होते. नत्थूजी आणखी गठ्ठा आणायला मागच्या खोलीत गेला आणि देवाजींना उत्साह आला.

“थांबा, मानाचा कसा दिसते ते पाहा,” असे म्हणत त्यांनी माझे पत्रक उघडले. ते हिशेबातले माणूस. दुपट्टा त्यांनी कधी बांधला नव्हता. एक ओळ वाचायची, तेवढे चंपतरावांच्या अंगावर गुंडाळायचे, पुढची ओळ वाचायची. “दुपट्टा उजव्या खांद्यावरून घ्यावा... आला. डाव्या काखेखालून पुढे आणावा... आला.”

मी साड्यांच्या ढिगाआड उभा होतो. माझी वाक्ये कोणी मोठ्याने वाचताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. कानशिले तापली होती, पण बरेही वाटत होते.

“अरे बाप्पा!” रुखमाबाई ओरडल्या. “हे काय करून राहिले तुम्ही? काढ! काढ आधी ते!”

“काय झालं आजी?”

“काय झालं म्हणते! उजव्या खांद्यावर कधी घेते माणूस? पिंड द्याले बसल्यावर! ह्याचा बाप घरी जित्ता बसला आहे, पेंडी घालून राहिला असंन गाईले, अन् तुम्ही ह्याले इथं श्राद्धाले बसवून राहिले काय?”

“पण हे छापलेलं आहे,” देवाजी म्हणाले.

“छापलं म्हणून का मारता त्याले?”

चंपतरावांनी दुपट्टा घाईने काढून ठेवला. आजूबाजूचे चार लोक जमले, त्यांतला एक हसला. खुलाशाची वाक्ये मनात तयार होती, पूर्णविरामांसह, पण तोंडातून एक अक्षर निघेना.

तेवढ्यात नत्थूजी गठ्ठा घेऊन आला, सगळे त्याने आत ऐकले होते. त्याने पत्रक घेतले, बोट ठेवून सावकाश ती ओळ वाचली आणि ढिगावरून माझ्याकडे पाहिले.

“तू समोर बसून लिहिलं,” तो हळूच म्हणाला. “माह्या डाव्याले तू तुह्या हाताचा उजवा म्हटलं.”

मग तो गिऱ्हाइकाकडे वळला. “माय, चूक माही आहे. मी सांगतानी उलटं सांगितलं. म्हातारा झालो. कापडाचा त्याच्यात काय दोष?”

“कापडाचा नाही गा,” रुखमाबाई म्हणाल्या, आता आवाज उतरला होता. “पण लग्नाच्या घरात असं पाहिल्यावर तेच कापड कसं नेऊ?”

ते निघून गेले. नत्थूजी पन्नास दुपट्ट्यांच्या घड्या पुन्हा घालायला बसला. माझी चूक त्याने स्वतःच्या अंगावर घेतली होती, आणि मी ढिगाआड उभा राहून घेऊ दिली होती. ते मला सहन होईना. मी चप्पल नीट न घालताच गल्लीत धावलो.

चंपतराव मिलच्या कापडाच्या एका दुकानाच्या पायरीशी सापडले. आई आत गेली होती.

“ती चूक माझी आहे,” मी म्हणालो. धाप लागली होती. “पत्रक मी लिहिलं. भाऊ खोटं बोलला.”

त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. “तुम्ही बांधता काय कधी दुपट्टा?”

“नाही. मी टोपी घालतो.”

“मंग काहून लिहिलं?”

मी वाकून पायातली चप्पल नीट केली.

“कापड चांगलं होतं हो,” ते म्हणाले. “मले पटते तुमचं. पण बुढीचं मन उठलं, आता काय करता?” आणि ते पायरी चढून आत गेले.

मी परत आलो आणि नत्थूजीला सांगितले. वाटले होते, तो म्हणेल, असू दे. तो भडकला.

“काहून सांगितलं तू? अडाणी विणकर चुकला, लोक दोन दिवसांत विसरतात. आता नरखेडात सांगत फिरतीन की संस्थेच्या शिकलेल्या माणसालेच डावं-उजवं समजत नाही! एक गोष्ट झाकली होती मी, तेही तुले पाहवलं नाही.”

चूक करूनही मी त्याचे नुकसान केले, कबूल करूनही केले. देवाजींनी उरलेली पत्रके गठ्ठा बांधून टेबलाखाली सरकवली. ज्येष्ठापासून सूत बंद, हे ठरल्यातच जमा होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सर्वांच्या आधी प्रदर्शनात गेलो आणि देवाजी आल्याबरोबर त्यांना म्हणालो, “मला स्टूलवर बसवा.”

“कशाले? बोलणार आहे काय तुम्ही?”

“नाही. दादा माझ्यावर बांधून दाखवील. लोक पाहतील.”

देवाजी हसले, पण त्यांनी स्टूल दिले. नत्थूजी आला, माझ्याकडे न बघताच माझी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि दुपट्टा झटकला.

तीन दिवस मी भर गांधीबागेत त्या स्टूलवर बसलो. माझे टक्कल, माझे कान, माझी मान सगळ्या बाजाराने पाहिली. नत्थूजी बांधायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा. “मान सरळ ठेव. पुस्तकात नाही पाहून राहिला तू,” असे म्हणायचा आणि लोक हसायचे. कॉलेजातली दोन पोरे आली, खापरखेड्याच्या वीजकेंद्रातले कामगार आले, उन्हातला कान झाकायचा प्रकार त्यांना आवडला. वाटे, आत्ता उठावे आणि पळून जावे.

शेवटच्या संध्याकाळपर्यंत, त्या तीन दिवसांत, त्रेचाळीस दुपट्टे गेले होते. चंपतरावांचे पन्नास गेले असते तर काय झाले असते, हे मी मनात धरून बसलो होतो. देवाजींनी आकडे पुन्हा एकदा मोजले. मग म्हणाले, “दिवाळीपर्यंत सूत देतो. त्याच्यापुढं मले विचारू नका.”

नत्थूजीने मान डोलावली. दिवाळीपर्यंत म्हणजे सहा-सात महिने. चंपतरावांच्या गावी दुपट्टे गेले असते, तर व्याह्यांकडच्या माणसांनी ते घरोघर नेले असते, पुढच्या लग्नसराईत लोक शोधत आले असते. हे मी रात्रभर स्वतःला सांगत राहिलो.

आणि आणखी एक. त्या तीन दिवसांत लोक अगदी माझ्या तोंडापाशी येऊन विचारत होते, “कापड कसं आहे हो? टिकते काय?” माझ्या भावाने विणलेले कापड, मी जन्मभर पाहिलेले. मला एकदाही “घ्या” म्हणता आले नाही. मी नुसते बोट मागे, त्याच्याकडे करत राहिलो.