भागूबाईच्या दारातला भोंगा

"दगडे, थांब! तिथनं येऊ नको, परवेश बंद हाय!"

सकाळच्या पारी इरजन मागायला गेले तर भागूबाई अशी वरडली. वाटी माझ्या हातात, एक पाय तिच्या अंगनात, एक बाहीर. खाली बघते तर रांगोळीचा ह्यो एवढा गोल आन मधी आडवी पट्टी. चाळीस वरसं मी त्या घरात इरजन मागतीया, कुनी कदी आडवलं न्हवतं.

"बया बया! तुझ्या दारात यायला आता पास काढायचा का मी?"

"तसं न्हाई गं. सुकन्याची परीक्षा हाय, चिन्हं पुसत्याल. गोठ्याकडनं ये."

सुकन्या म्हंजी तिची सून. आमच्या वस्तीच्या डेअरीत पाडव्याला नवी पिकअप यायची हुती, वस्त्यावस्त्यांचं दूध गोळा करायला. सेक्रेटरी हनुमंतानं सांगून टाकलं, "पाडव्यापतूर जो शिकाऊ लायसनची परीक्षा पास हुईल, त्याचं नाव डायवर म्हनून पक्कं. बिगर लायसनचा मानूस गाडीवर बसनार न्हाई."

डोळा दोघांचा हुता. एक सुकन्या, आन दुसरा माझाच रविराज. मिसरूड फुटल्यापून टेम्पो हाकतोय, लायसनचा पत्ता न्हाई. परीक्षेचं नाव काढलं की म्हनायचा, "गाडी काय कागदावर चालती का?" सुकन्या रानात ट्रॅक्टर चालवायची, वाफसा आला की रोटरनं ढेकळं फोडायची, गड्याला लाजवंल अशी. पन बांधाच्या पलीकडं तिचा ट्रॅक्टर कदी गेला न्हाई. एकदा जवारी काढताना मला म्हनली, "मावशी, कुनाची सून, कुनाची बायकू, ह्ये लई झालं. लोकांनी मला डायवर म्हनावं असं वाटतं बघा." आता हिला काय बोलावं? मी आपला इळा चालवत ऱ्हायले.

तिचा नवरा अजिनाथ सुप्याच्या कंपनीत. त्यानं परीक्षेच्या पुस्तकाची झेरॉक्स आनून दिली. पन चार गाया, दोन कालवडी, धारा, शेन, वैरन. पोरीनं पुस्तक उघडावं तरी कवा? हात धुऊन बसली की गाय हंबरायची. शेवटी भागूबाई म्हनली, "मला वाचता येत न्हाई, पन चित्र काढता येतं. दाव इकडं."

मंग रोज सडा टाकून झाला की दारात रस्त्यावरची पाच-पाच चिन्हं. सुकन्या बादली घेऊन जायची तवा बघायची, भारा घेऊन यायची तवा बघायची, तोंडानं चालूच, "गोल म्हंजी हुकूम, तिकोन म्हंजी इशारा." वस्तीवरची पोरंठोरं पाठ म्हनाया लागली. माझ्या कोंबड्यांनी एकदा अरुंद पुलाचं चिन्ह उकरलं तर भागूबाईनं माझ्या सात पिढ्या काढल्या.

सुकन्या नगरला गेली. पंधरा सवाल, नऊ बरोबर पायजेत. तिचे सातच आले. सांजच्याला एस्टीतनं उतरली ती थेट गोठ्यात शिरली. रविराज दात काढत म्हनला, "रांगोळीवर गाडी चालत नसती, वहिनी." मी त्याला एक रट्टा हानला. पन खरं सांगू? मनातनं मला जरा बरंच वाटलं. पोटचं पोर हाय ना माझं.

तरी पाय ऱ्हाईना, गेले त्यांच्याकडं. सुकन्या सांगत हुती, "आत्या, संगनकावर भोंग्याचं चित्र आलं. तुमी काढलं हुतं अगदी तसंच. मी म्हनलं, भोंगा वाजवू नये. तर चूक! म्हनं वाजवलाच पायजे."

अजिनाथनं झेरॉक्स कंदिलासारखी डोळ्यापुढं धरली. "आये, हितं दोन भोंगे हायेत. मनाईच्या भोंग्यावर तिरकी काट हाय. तुझी काट कुठं गेली?"

"ती म्या सोडली."

"सोडली? का?"

"मंग काय, सवाशिनीच्या दारात सकाळच्या पारी काट मारू? घरादाराला अपशकुन! आन रांगोळी कोरी ठिवू न्हाई म्हनून समद्यावर हळदी-कुकू टाकलं."

आता आलं ध्यानात. डावीकडं वळा आन वळू नका, भोंगा वाजवा आन वाजवू नका, म्हातारीच्या दारात समदं एकच! झेरॉक्स काळी-पांढरी, त्यामुळं लाल-निळं बी कुनाला कळलं न्हवतं. सुकन्या पोट धरून हसाया लागली. भागूबाईनं मातुर पदर डोळ्याला लावला. "माझ्यापायी पोर नापास झाली गं."

पाडवा बारा दिसांवर. दुसरी परीक्षा आठ दिसांनी.

दुसऱ्या दिशी इरजन नको हुतं तरी वाटी घेऊन गेले. भागूबाई उकिडवी बसलेली. भोंगा काढून झालेला, चिमटीत रांगोळी, पन हात काय हलंना. तुळशीकडं बघून पुटपुटली, "आई, पोरीसाठी करतीया. राग धरू नको." आन खच्चून काट मारली! मंग तांबडं कुकू मनाईला आन कापडाची नीळ सक्तीला. म्हातारी घामाघूम झाली हुती. मला बघून म्हनली, "बघतीस काय? नीळ म्हंजी कर, तांबडं म्हंजी करू नको. तू बी शीक."

आठ दिसांनी सुकन्याचे तेरा आले. पंधरात तेरा! फोन आला तवा भागूबाई शेनाच्या हातानं माझ्या गळ्यात पडली. लुगडं खराब झालं, पन मी बी तिला आवळून धरली.

पाडव्याला हनुमंतानं सुकन्याचं नाव पक्कं केलं आन महिनाभरानं, पक्कं लायसन आल्यावर, तिच्या हातात चावी दिली. रविराज चार दिस जेवला न्हाई धड. पाचव्या दिशी मीच त्याला दंडाला धरून भागूबाईपुढं हुबा केला.

"ह्याला बी शिकीव."

भागूबाईनं त्याला खालीवर न्याहाळलं. "शिकीवते की. पन आधी अंगन झाडायचं, सडा टाकायचा, मंग चिन्हं. माझी सून हेच करून शिकली."

माझ्या घरात ज्यानं पान्याचा तांब्या कदी भरून घेतला न्हाई, तो मिशीवाला गडी वस्तीदेखत खराटा धरून वाकला. तेवढ्यात सुकन्यानं पिकअप चालू केली, काच खाली करून म्हनली, "भावजी, कोपऱ्यातलं ऱ्हायलं बघा."

रविराजनं माझ्याकडं बघितलं. मी म्हनलं, "बघतूस काय? डायवर सांगतीया ना, झाड."