पोवळ्यांसाठी उजेड

ओफेलिया डॉक्टरीणबाई दातांचा दवाखाना बंद करून मोंतेरेला निघाल्या, तेव्हा त्यांच्या पेशंटांच्या खोलीतली पोवळ्यांची टाकी कुणाच्या गळ्यात घालायची हा प्रश्न उरला. त्यांचे केस मी कापायचे. कात्री चालू असतानाच त्या आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "लांदी, तुझ्या पार्लरची एक भिंत रिकामी आहे गं."

मी हसले. त्यांनी तोच होकार धरला. पुढच्या आठवड्यात चार माणसं टाकी घेऊन दारात हजर, मागून खाऱ्या पाण्याच्या बादल्या.

माझा नवरा विल्बर्थ एसी आणि फ्रिज दुरुस्त करतो. इथं मेक्सिकोत, मेरिदातल्या उन्हाळ्यात त्याला जेवायला फुरसत नसते. तो घाम पुसत आत आला आणि टाकीत डोकावला.

"मासे कुठायत?"

"दोनच आहेत. बाकी सगळी पोवळी. जिवंत असतात ती."

"म्हणजे आता आपण दगड पाळायचे."

त्याचे वडील मात्र टाकीजवळ येऊन वाकले. डॉन एवेलियो त्याच वर्षी आमच्याकडे राहायला आले होते. सगळं आयुष्य समुद्रकाठच्या पुएर्तो मोरेलोसला काढलेलं. बोटीवरच्या पंपाची नळी तोंडात धरून तळाशी जायचं आणि शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, पकडायची, हा धंदा. एकदा खोलातून घाईने वर आले, अंगात हवेचे बुडबुडे धरले, आणि डावा पाय कायमचा ओढत चालायला लागले. डॉक्टरांनी बुडी मारायला मनाई केली. यांनी ती मनाई स्वतःहून वाढवली आणि समुद्रावर जाणंच सोडलं. पार्लरच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बायकांच्या गप्पा ऐकायचे, संध्याकाळ झाली की झुल्यात पडायचे. समुद्राचा विषय काढला की म्हणायचे, "आहे तिथंच आहे तो."

टाकी आली आणि त्यांची खुर्ची भिंतीकडे वळली. काही दिवस नुसते बघत राहिले. मग एका दुपारी म्हणाले, "पोरी, यांना बरं नाही."

"कुणाला?"

"यांना." त्यांनी काचेवर बोट ठेवलं. फांद्याफांद्यांचं एक पोवळं होतं, करड्या रंगाचं, खराट्यासारखं. "या उजेडात कोण बरं राहील? स्वयंपाकघरातली ट्यूब वाटते."

झाकणाखाली तीन जुन्या ट्यूबा होत्या. पेटायच्या, पण दोन्ही टोकं काळी पडलेली. विल्बर्थ म्हणाला, "पेटतायत ना? मग झालं." पण सासऱ्यांनी आपणहून काहीतरी मागितलं होतं. मी पार्लर बंद केलं आणि त्यांना घेऊन रुबेनच्या दुकानात गेले. मेरिदात खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचं सामान त्याच्याकडेच मिळतं.

रुबेनने काउंटरवर ट्यूबा मांडल्या. "यावरचा आकडा बघा. आकडा लहान तर उजेड पिवळसर. जसा वाढेल तसा पांढरा, मग निळा. आणि जाड्या ट्यूबा आता घेऊ नका. या बारीक घ्या. उजेड दुप्पट. फक्त तापतात मेल्या."

डॉन एवेलियोंनी एकही आकडा वाचला नाही. एकेक ट्यूब पेटवायला लावली, खाली स्वतःचा तळहात धरून बघितला. शेवटी सगळ्यात निळी होती तिच्यावर बोट ठेवलं. "ही. सगळ्या याच."

"सगळ्या निळ्या? थोड्या पांढऱ्या घाला की, डॉन," रुबेन म्हणाला.

"तू कधी खाली गेलायस?"

रुबेनने निळ्या ट्यूबा कागदात गुंडाळल्या.

निळ्या ट्यूबा लागल्या आणि पार्लर एकदम खोल समुद्रात गेल्यासारखं झालं. पोवळ्यांची टोकं हिरवी चमकायला लागली. दोन दिवस शेजारीपाजारी नुसते बघायला येत होते. मग माझ्या जुन्या गिऱ्हाईक डोन्या सोकोर्रो केस रंगवायला आल्या. त्यांना तांबूस तपकिरी हवा होता. मी लावला, धुतला, आणि आरशात बघते तर बाई हिरव्यागार.

"अगं आई!" त्या किंचाळल्या. "लांदी, माझ्या डोक्यावर शेवाळ उगवलंय!"

"नाही हो, उजेडामुळे दिसतंय तसं. बाहेर चला, उन्हात बघा."

टॉवेल गुंडाळून त्या रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि मी त्यांच्यासमोर आरसा धरला. उन्हात रंग छान होता. पण तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाईक आधी रस्त्यावर जाऊन केस बघायला लागलं. आमच्या चौकातले टॅक्सीवाले खुर्च्या टाकून तो तमाशा बघायचे.

तेही मी चालवून घेतलं असतं. पण पोवळी सुधारेनात. खराटा करड्याचा चॉकलेटी झाला, त्याचे बारीक बारीक हात बाहेर यायचे बंद झाले. विल्बर्थ चिडवायला लागला, "पापा, तुमचे दगड रुसले." सासरे भडकले.

"तीस वर्षं मी खाली काढलीत! खाली सगळं निळंच असतं."

मला खरंच काही माहीत नव्हतं, म्हणूनच विचारलं, "पण डॉन एवेलियो, हा खराटा असतो कुठे? किती खोल?"

ते उत्तर द्यायला गेले आणि थांबले. "खोल नसतो," ते हळू म्हणाले. "वरच असतो. बोटीचा तळ घासेल इतका वर." मग पुन्हा म्हणाले, "मी त्याच्या खाली हात घालायचो. शेवंडं त्याच्या खाली बसतात. त्याच्यावर उजेड कसा पडतो ते मी कधी बघितलंच नाही."

"मग बघू या," मी म्हणाले.

"मला मनाई आहे."

"बुडी मारायला आहे. तरंगायला कुठंय?"

रविवारी पहाटेच्या बसने आम्ही तिघं निघालो. पुएर्तो मोरेलोसच्या धक्क्यावर त्यांचा जुना जोडीदार मेलचोर बोट घेऊन उभा होता. सासऱ्यांना बघताच ओरडला, "आलास का लंगड्या! मला वाटलं, मेरिदावाल्यांनी तुला पुरलं!"

"पुरत होते. जमीन कडक निघाली."

दोघं हसले आणि मग एकमेकांकडे बघेनात.

बोट समुद्रातल्या पोवळ्यांच्या कडेपाशी थांबली. मी पर्समधून लाल नेलपॉलिश काढली आणि विल्बर्थला म्हणाले, "हात दे."

"कशाला?"

"नखं रंगवायचीत. तुझे पापा म्हणतात, पाण्यात खाली जाताना सगळ्यात आधी लाल रंग जातो. तो कुठे जातो ते बघायचंय."

"मग तुझी रंगव!"

"मला बुडी मारता येते का?"

मेलचोर पोट धरून हसत होता. "एवेलियो, पोराला शिकवलंस तरी काय रे?"

"थांब, सून तुझीही रंगवून देईल. फुकट."

विल्बर्थने निमूट हात पुढे केला. सासऱ्यांना तरंगायचं जाकीट घातलं, चष्मा लावला, आणि आम्ही त्यांना शिडीवरून पाण्यात सोडलं. पाण्याला पाय लागताच त्यांनी डोळे मिटले. मग पालथे झाले आणि तोंड पाण्यात घातलं. जमिनीवर ओढत नेतात तो पाय पाण्यात दुसऱ्या पायासारखाच हलत होता. मी बाजूला जाकीट घालून, शिडीला धरून.

विल्बर्थ खाली जायचा, नखं डोळ्यांसमोर धरून बघायचा, वर यायचा. कडेच्या माथ्याशी नखं लालच होती. "जरा मळकी, पण लाल!" मग वाळूच्या उतारावरून जमेल तितका खोल गेला आणि धापा टाकत आला. "काळी! नखं काळी झाली! वर येताना पुन्हा लाल झाली!" ज्या माणसाला नेलपॉलिशची लाज वाटत होती, तो आता सगळ्यांना नखं दाखवत होता आणि पुन्हा खाली जायला धडपडत होता.

डॉन एवेलियोंनी मात्र डोकं वर काढलंच नाही. शेवटी मेलचोर घाबरला आणि वल्ह्याने त्यांच्या पाठीला टोचलं. तेव्हा कुठे त्यांनी चष्मा कपाळावर केला.

"पांढरा आहे पोरी," ते म्हणाले. "भरपूर पांढरा. जाळ्यासारखा हलतोय त्यांच्यावर. निळा आहे, पण पांढऱ्यात कालवलेला. खोलातला उजेड मी या वरच्यांना लावत होतो."

सोमवारी आम्ही पुन्हा रुबेनकडे. या वेळी डॉन एवेलियोंनी त्याला विचारलं, "तू सांगत होतास ते पुन्हा सांग." पांढऱ्या आणि निळ्या ट्यूबा आलटून पालटून लावायच्या ठरल्या, पहिल्यापेक्षा संख्येने दुप्पट. घरी आल्यावर पेटवल्या आणि डोन्या सोकोर्रोंना निरोप धाडला, की आता आत बसून केस बघितले तरी चालेल.

पण रुबेन म्हणाला होता तेच झालं. ट्यूबा तापल्या. झाकणावर हात ठेवता येईना. दुपारी जेवणाच्या वेळी मी पार्लरचा एसी बंद करायचे, तेवढ्या वेळात पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं कोमट व्हायचं आणि पोवळी अंग आखडून घ्यायची.

आता विल्बर्थची पाळी होती. तो खुशीतच होता. "उजेड तुमचा, गारवा माझा," म्हणत त्याने एका मोडीतल्या एसीचा पंखा काढला आणि झाकणाच्या बाजूला बसवला. सुरू केला तर माझ्या टेबलावरचे कागदी रुमाल उडाले. झाकण गार पडलं, पाणी गार पडलं. विल्बर्थ बिअर उघडून बसला.

"उजेड कमी झाला," डॉन एवेलियो म्हणाले.

"पापा, पंख्याने उजेड उडून जात नाही."

"कमी झाला म्हणतो ना."

मिर्ना नावाची माझी एक मैत्रीण लग्नाचे फोटो काढते. तिच्याकडे उजेड मोजायचं छोटं यंत्र असतं. तिला बोलावलं. तिने यंत्र काचेशी धरलं. पंखा चालू, काटा खाली. पंखा बंद, काटा हळूहळू वर. आम्ही सगळे "अरेच्चा" म्हणून बघत राहिलो. तेवढ्यात ट्यूबा पुन्हा तापायला लागल्या, आणि काटा परत खाली यायला लागला.

"थंडीनेही मंदावतात, उकाड्यानेही मंदावतात?" मिर्ना म्हणाली. "माझ्या सासूबाईंसारख्याच आहेत."

मग त्या खोलीत जो खेळ सुरू झाला तो दोन दिवस चालला. पंख्यासमोर पुठ्ठा धरायचा, सरकवायचा, मिर्ना काटा वाचणार, विल्बर्थ शिव्या देणार. केस धुवायला आलेल्या बायकाही पुठ्ठा धरून उभ्या राहायच्या. त्यात एक विचित्र गोष्ट दिसली. वारा ट्यूबांच्या एका टोकावर गेला की काही ट्यूबा झपकन मंदावायच्या, काही नाही. सगळ्या एकाच दिवशी घेतलेल्या, तरी असं का?

डॉन एवेलियोंनी ट्यूबा बंद करायला लावल्या आणि लगेच झाकण उलटं करून ट्यूबांच्या टोकांना बोट लावून बघितलं. "प्रत्येकीचं एक टोक कमी तापलंय," ते म्हणाले. "जिथं अक्षरं छापलीत ते." आम्ही वाकून बघितलं. लावताना अक्षरं कुणी बघितली होती? काहींची डावीकडे, काहींची उजवीकडे. विल्बर्थने रुबेनला फोन लावला. तिकडून रुबेन म्हणाला, "हो, अक्षरांचं टोक एका बाजूला ठेवायचं असतं. तेच टोक ठरवतं ट्यूब किती उजळणार ते. मी बोललो नव्हतो का?"

"नाही बोललास!" आम्ही सगळे एका सुरात.

सगळ्या ट्यूबा फिरवून अक्षरं एका बाजूला आणली. मोठा पंखा काढला. जुन्या कॉम्प्युटरमधले दोन छोटे पंखे विल्बर्थने त्या बाजूला असे लावले, की वारा आत मारायचा नाही, झाकणाखालची गरम हवा हळूच बाहेर ओढायची. तिसरा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर फुंकर घालायला. त्याने पाणी उडून जायचं, मीठ मात्र मागे राहायचं, म्हणून रोज सकाळी वरून गोडं पाणी घालायचं काम सासऱ्यांनी घेतलं. मिर्नाचा काटा वर चढला आणि जेवणाची वेळ होऊन गेली तरी तिथंच राहिला. विल्बर्थने बापाच्या पाठीवर थाप मारली. आमच्याकडे एवढं पुष्कळ झालं.

सगळं जगलं असं नाही. बटणांसारखी एक जात होती, ती आधीच्या मंद उजेडाला सरावलेली. एकदम एवढा उजेड पडल्यावर ती पांढरी पडली आणि गेली. डॉन एवेलियोंना फार लागलं ते. "घाईने वर आणलं तिला," एवढंच म्हणाले. मग झाकण बरंच वर टांगलं आणि दर थोड्या दिवसांनी साखळीची एकेक कडी खाली सोडत गेले. पावसाळा सुरू होईपर्यंत खराट्याच्या फांद्या पिवळसर झाल्या होत्या आणि टोकांना जांभळा रंग चढला होता. त्यातून निघालेले बारीक हात पाण्यात हलायचे. डोन्या सोकोर्रोंनी तसाच जांभळा रंग मागितला. मी समजूत घालून परत पाठवलं.

एका सकाळी आभाळ गच्च भरून आलं. डॉन एवेलियो टाकीसमोर उभे होते, पायात बूट.

"ढग आले की तिकडे समुद्रात ती काय करतात गं? हात आत घेतात की बाहेरच ठेवतात?"

"मला काय माहीत!"

"मलाही नाही माहीत. कधी बघितलंच नाही." त्यांनी टोपी घेतली. "गोडं पाणी तू घाल आज."

"थांबा, विल्बर्थला सोबत—"

"मेलचोर आहे तिकडे."

ते पाय ओढत बसथांब्याकडे निघाले. रात्री उशिरा परतले ते पावसात ओलेचिंब. पुढ्यातलं लिंबाचं सूप पार गार होईपर्यंत समुद्रात काय बघितलं ते सांगत राहिले, आणि विल्बर्थ चमचा खाली ठेवून ऐकत बसला.