तिसऱ्यांदा विचारल्यावर

ल्युडमिलाचं पत्र फेब्रुवारीत आलं, आणि एप्रिल लागला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र काही लांबून आलेलं नव्हतं. तिचं घर रस्त्यापलीकडे, आणि आमच्या दोघांच्या टपालपेट्या एकाच खांबावर. पण तोंडावर काही विचारलं की मी हवामानाकडे वळतो, हे तिला चाळीस वर्षं ठाऊक. म्हणून तिनं तिकीट लावून, टपालवाल्याच्या हातून पत्र धाडलं. ‘हॅल्वर, चढाचं रान आता माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. तू करतोस का? पेरणीआधी कळव.’

मी ते मातीविषयीच्या एका पुस्तकात खुणेला घातलं आणि वाट बघत बसलो. आम्हा नॉर्वेहून इथे आलेल्यांत एक रीत आहे. कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको, तिसऱ्यांदा ‘बरं, अर्धा कप’. कॉफीला तीन वेळा, तर चढाच्या चाळीस एकरांना किती? ल्युडमिलाची माणसं बोहेमियाकडची. ती एकदाच विचारतात. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं खसखशीच्या गोड पावांची ताटली माझ्यापुढे केली. मी नको म्हटलं, तर तिनं ती मागे घेतली आणि माझ्यासमोर बसून एकटीनं संपवली. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

खरं तर रीत ही माझी पळवाट. वय एकाहत्तर, आणि माझी शेती निम्मी पुस्तकातली. तिचा गेलेला नवरा व्हाक्लाव्ह त्या चढाला नांगराचे असे आडवे तास काढायचा, की खाली उतरणारं पाणी प्रत्येक तासाशी थांबून विचारपूस करून पुढे जायचं. मधल्या घळीत त्यानं गवत राखलं होतं. तीस वर्षांत तिथली ओंजळभर माती ओढ्याला गेली नाही. ते माझ्या हातून बिघडलं तर?

बहीण इंगा माझ्याच घरात राहते. ती म्हणाली, “भीड ही भिकेची बहीण. घरात एक बहीण पुरे हाय तुला.”

मग एका सकाळी ड्वेन चढावर पावलं मोजताना दिसला. ड्वेन म्हणजे मोठ्या ट्रॅक्टरनं दुसऱ्यांची रानं कसणारा माणूस, त्याला वळणाचं वावडं. तो वरून खाली सरळ नांगरणार, घळीतलं गवत मोडणार, आणि दोन मोठ्या पावसांत तो चढ ओढ्यात जाऊन बसणार.

तो गेल्यावर मी बादली घेऊन चढावर गेलो, धोंडे वेचायला. हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि दर वसंतात खालचे धोंडे वर येतात. व्हाक्लाव्ह होता तेव्हापासून ते वेचणं माझ्याकडे आहे, कुणी न सांगता. तोंड चालत नाही तिथे माझे हात चालतात, एवढंच.

थोड्या वेळानं ल्युडमिला गमबूट घालून आली. हवा बरी आहे म्हणालो. तीही म्हणाली, बरी आहे, आणि धोंड्यांच्या ढिगावर बसली.

“ड्वेन दोनदा येऊन गेला,” ती म्हणाली. “दोन्ही येळेला न्हाई म्हनले. रविवारी पुन्यांदा येतो म्हनालाय.” बादलीतला एक धोंडा उचलून तिनं परत टाकला. “तुमच्यात तिसऱ्यांदा व्हय म्हनत्यात, न्हवं?”

माझ्या हातातला धोंडा पायावर पडता पडता राहिला.

“माझं तास वाकडं येत्यात, ल्युडमिला.”

“चढ बी वाकडाच हाय.” ती उठली, हात झटकले. “मी एकदाच इचारते, हॅल्वर. इचारून झालंय.”

घरी येऊन मी चार पानं लिहिली. व्हाक्लाव्हच्या आठवणी, माझे गुडघे, मातीचा कस. इंगानं सगळं वाचलं आणि विचारलं, “ह्यात उत्तर कंचं?” शेवटी एका कागदावर लिहिलं, ‘करतो. घळीतलं गवत हाय तसं राखीन.’

तिची पेटी माझ्या पेटीला लागूनच. नुसतं टाकलं असतं तरी चाललं असतं. पण तिनं तिकीट लावलं होतं, मीही लावलं. पत्र माझ्या पेटीत ठेवलं आणि न्यायचं टपाल आहे हे कळावं म्हणून पेटीची लाल झेंडी वर केली. मग खाली केली. पुन्हा वर केली, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा वर केली, आणि टपालवाल्याची गाडी पत्र घेऊन जाईपर्यंत त्या झेंडीकडे पाठ करून चढावर धोंडे वेचत राहिलो.