ताईची चढण

आमच्या खोऱ्यातले कच्चे रस्ते मोजणं हे माझं काम. भूशास्त्राची पदवी घेऊन पर्यटन कार्यालयात लागले, तेव्हा साहेबांनी एक उंचीमापक हातात ठेवला आणि म्हणाले, सायकलवाल्यांसाठी पुस्तिका काढायची आहे, कुठला रस्ता कसा आहे ते लिहा. मग दर शंभर मीटरला थांबायचं, खाली मुरूम आहे, बारीक खडी आहे की मुठीएवढे सुटे दगड ते बघायचं, चढ टिपायचा आणि शेवटी रस्त्याला दर्जा द्यायचा: सोपा, मध्यम किंवा अवघड.

दर्जा ठरवायची पद्धत कार्यालयाला कधी सांगितली नाही. ती पद्धत म्हणजे माझी ताई. ती न उतरता वर पोचली तर रस्ता मध्यम. एकदा उतरली तर अवघड. शिव्या द्यायला लागली तर तो पुस्तिकेत घ्यायचाच नाही. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासते. आठवडाभर स्टुलावर बसून काम. पण रविवारी जाड टायरच्या सायकलवर बसली की मी आपली तिच्या मागे धूळ खात.

"ए मोजपट्टी, रस्ता मोजतेयस की खडे?" वळणावरून ती ओरडायची. स्वतःच्या सायकलवर तिने कधी यंत्र लावलं नाही. म्हणायची, डोळ्यांसमोर आकडा असला की डोंगर दिसत नाही. वर पोचल्यावर मात्र पहिला प्रश्न तोच: "किती झाली चढण?"

दोन वर्षांपूर्वी गडबड सुरू झाली. जे रस्ते मी मध्यम म्हणून लिहिले होते, तिथे ताई उतरायला लागली. मला वाटलं, उंचीमापक बिघडला. तो हवेच्या दाबावर चालतो, चुकू शकतो. तपासायला पाठवला, तर ठीक असल्याची चिठ्ठी घेऊन परत आला. तरी मी नवा मागवला. मग टायरमधली हवा बघितली, साखळी बदलली, चाकं काढून छरे बघितले. ताई सोडून सगळं तपासलं.

स्नायूंचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढतो, मागे फिरत नाही; वेग कमी करायला औषधं आहेत, पण जितकं जोरकस औषध तितका त्याचा त्रास. सायकल झेपेल तेवढी चालवा आणि किती झेपली ते लिहून ठेवा, त्यावरून औषध ठरवू. ताईने त्याच संध्याकाळी वही आणली. यंत्र माझ्याकडे, म्हणून वहीही माझ्याकडे. दर तीन महिन्यांनी मी तिच्यासोबत जायचे आणि आकडे वाचून दाखवायचे.

पहिला खोटा आकडा मी एका पुलापाशी सांगितला. यंत्र तीनशे दहा मीटर दाखवत होतं. तीन आठवड्यांपूर्वी चारशे होते. ताई कठड्याला टेकून उभी होती, डाव्या बुटाची नाडी सुटलेली. तिने ती बांधायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "किती?"

"चारशे दहा," मी म्हटलं.

"काय सांगतेस!" तिने मान वर केली. त्या चेहऱ्यासाठी मी काहीही लिहिलं असतं.

पुढे ते पद्धतशीर झालं. आधी तीसेक टक्के वाढवायचे, मग पन्नास, मग त्याहून जास्त. ओळखीचे रस्ते टाळायचे, कारण तिथली उंची तिला पाठ होती. नवे रस्ते शोधायचे, वळणावळणाचे, म्हणजे अंदाज येत नाही. कार्यालयाच्या कागदांवर बरोबर उंची लिहायची आणि वहीत दुसरी. डॉक्टरांनी वही ऐकून मान डोलावली. "छान. मग औषध आहे तेच चालू ठेवू." मी शेजारीच बसले होते. मी शिकलेली मुलगी. त्या वाक्याचा अर्थ मला ताईपेक्षा चांगला कळत होता. घरी जाऊन सांगू असं ठरवलं आणि घरी गेल्यावर पुढच्या वेळी सांगू असं.

मधे एक रविवार खरा होता. थंडीत, खाणीच्या रस्त्यावर, ताईला काय झालं होतं कुणास ठाऊक. ती चढत राहिली आणि मी मागून यंत्राकडे बघत राहिले. पाचशे वीस. आजार कळल्यापासून एवढी कधी झाली नव्हती. मी वहीत पाचशे वीसच लिहिले. उतरताना ती लहान मुलीसारखी दोन्ही पाय पसरून ओरडत गेली.

गेल्या महिन्यात ती जेवताना म्हणाली, "दातवाल्यांबरोबर खिंडीत जातेय रविवारी." दातवाले म्हणजे दातांचे डॉक्टर, आमचे जुने सायकलसोबती. खिंडीची चढण आठशे चाळीस.

"रस्ता खराब झालाय," मी म्हटलं. "वरची खडी पार सुटलीय."

"मग? मी काय पहिल्यांदा खडी बघतेय? मागच्या रविवारी सहाशे केले की!"

मागच्या रविवारी तीनशे चाळीस झाले होते.

"मी पण येते."

"तू नको बाई. तू असलीस की मी सारखी आकडा विचारते. एक दिवस नुसती चालवू दे मला."

शनिवारी संध्याकाळी ती अंगणात ब्रेक तपासत बसली होती, शीळ घालत. मी दारात उभी राहिले. एकच वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, "पाणी जास्त घे."

रविवारी दुपारी दातवाल्यांचा फोन आला. ताईला लाकडं वाहणाऱ्या ट्रकमधून खाली आणलं होतं. मी त्यांच्या दवाखान्यात गेले तर ते दात तपासायच्या खुर्चीत बसवून तिच्या तळहातातली खडी चिमट्याने काढत होते.

"पंचवीस वर्षांत पहिल्यांदा दात नसलेल्या जागी काम करतोय," ते म्हणाले. कुणी हसलं नाही. मग हळूच म्हणाले, "पाय चालेचना अचानक. सपशेल आडवी झाली. माझ्या यंत्रावर बघितलं तर तीनशे साठच झाले होते."

ताईने माझ्याकडे बघितलं. नंतर घरी पोचेपर्यंत गाडीच्या खिडकीबाहेर.

घरी आल्यावर ती ओट्याजवळच्या खुर्चीत बसली, पट्टी बांधलेला हात मांडीवर. "वही आण. आणि तुझे कार्यालयाचे कागद."

मी आणले.

"आता वाच. वहीतला आकडा राहू दे, खरा सांग."

मी वाचत गेले. दोनशे नव्वद. तीनशे दहा. तीनशे पंचेचाळीस. माझा आवाज कामातल्यासारखा सपाट येत होता, मला त्याची लाज वाटली. मधे एकदाच ती म्हणाली, "डॉक्टरांना पण वहीतलेच वाचून दाखवलेस ना?" आणि मी होकारार्थी मान हलवली. मग थंडीतलं पान आलं.

"हा खरा आहे," मी म्हटलं. "ताई, हा खराच आहे. पाचशे वीस. कागदावर पण तेच आहे, बघ."

"कागद कुणी लिहिला?"

"मी."

ती पानाकडे बघत राहिली. "त्या दिवशी मला वाटलं होतं, डॉक्टर चुकले," ती म्हणाली.

"खाणीचा रस्ता उद्या पुन्हा मोजून आणते. मी नाही, दातवाल्यांना पाठवते, त्यांच्या यंत्राने."

"नको. त्यांचाही माझ्यावर जीव आहे."

मी काही बोलणार तेवढ्यात तिने बऱ्या हाताने वही मिटली आणि स्वतःच्या पिशवीत घातली. चेन ओढायला तिला वेळ लागला. मी हात पुढे केला, तशी तिने पिशवी अंगाजवळ ओढून घेतली.

"गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय," ती म्हणाली. "मी एकटी जाईन."